आतोबांच्या कानाची वायर

आमच्या आतोबांनी आयुष्यात एकही वस्तू पंचनामा केल्याशिवाय घरात घेतलेली नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. महसूल खात्यात गिरदावर होते. गावोगाव फिरून पिकं, शेतांच्या हद्दीचे धुरे आणि भावाभावांची भांडणं मोजणं हे त्यांचं काम. नोकरी सुटली, मोजणी सुटली नाही. गॅसचा सिलिंडर येवो की महिन्याचा किराणा, आतोबा दारात खुर्ची टाकतात, रस्त्याने जाणाऱ्या दोघांना हाक मारून पंच करतात आणि 'समक्ष पाहणी केली असता' अशी सुरुवात करून वहीत लिहायला घेतात. सिलिंडरवाला घाईत असतो, पंच घाईत असतात, आतोबांना मात्र कसलीच घाई नसते. आत्या सांगते, लग्नात तिच्या माहेरून आलेल्या भांड्यांची त्यांनी मांडवातच यादी केली आणि खाली नवरीची सही घेतली. "एक परात कमी भरली व," आत्या म्हणते, "तर तुह्या आज्याले नोटीस देतो म्हने. नवरदेव हाय का जप्तीवाला हाय, लोक इचारून राह्यले होते." परात आचाऱ्याकडे सापडली. त्या जुन्या वहीत 'परात हस्तगत' असा शेरा आहे. मी तो स्वतः पाहिला आहे.

तेलंगणातल्या गुडीहत्नूरला हायवेपासून दोन गल्ल्या आत त्यांचं घर. ओसरीवर लोक येतात: ज्याचं पासबुक अडलं तो, जिची पेन्शन बंद झाली ती, मराठी बोलणारे, तेलुगू बोलणारे, गोंड पाड्यांवरचे. आतोबा त्यांचे अर्ज लिहून देतात, त्यांच्या भाषेत 'दरख्वास्त'. पण लिहिण्याची तऱ्हा बघा. माणूस समोर बसला की आतोबा फोन मध्ये ठेवतात, रेकॉर्डिंग चालू करतात आणि म्हणतात, "बोला." मग माणूस अर्धा तास बोलो की दोन तास, आतोबा एक शब्द विचारत नाहीत. तो गेला की चष्म्याच्या डबीतून कानाची वायर काढतात. कुठल्याशा जुन्या फोनबरोबर फुकट आलेली, पांढऱ्याची पिवळी झालेली, एका जागी दवाखान्यातली चिकटपट्टी आणि दुसऱ्या जागी निळा दोरा गुंडाळलेली ती वायर. ती कानात घालून ते ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालतात, तेच रेकॉर्डिंग तीन-तीनदा ऐकतात आणि मग एका बैठकीत अर्ज उतरवतात. घरातल्या कोणी त्या वायरीला हात लावायचा नाही. एकदा आत्याने ओसरी झाडताना डबी उचलून फळीवर ठेवली, तर आतोबांनी तिचा जबाब नोंदवला.

मी एकदा विचारलं, "वायर कशाला? मोठ्यानं लावून ऐकत जा ना." आतोबा चालता चालता थांबले. "मानूस माह्या फोनात बोलला म्हंजे माह्या कानात बोलला, पोरी. तिसऱ्या कानात गेलं तर ती चुगली." 

माझं उलट, मी बोलते. मी तरुणांच्या संघटनेत आहे, वसतिगृहातल्या जेवणापासून बंद पडलेल्या बसपर्यंत सगळ्यावर आम्ही पत्रकं काढतो, आणि बहुतेक मीच लिहिते. आतोबा ती लाल पेनाने तपासतात. "याच्यात 'जाहीर निषेध' सात वेळा हाय," ते म्हणतात. "निषेध एकदा कर, तारीख दोनदा लिही. अन् हे उद्गारचिन्हं काढ. याले पाहून तहसीलदार भेत नाई, हासते." मी चिडायचे आणि पुढच्या पत्रकात गुपचूप दोन उद्गारचिन्हं कमी करायचे. पण त्यांच्याकडे येणाऱ्या लोकांची कामं बघायला मागितली की साफ नकार. "तुह्या हातात दिलं की तू त्याचं पत्रक करशीन." खोटं कशाला बोलू, केलंच असतं. अन्याय ओसरीवर आणून ठेवायचा आणि त्याची वाच्यता करायची नाही, हे मला पटतच नव्हतं.

तर या माणसाच्या घरी गेल्या उन्हाळ्यात नवा फोन आला. जुन्याची बॅटरी फुगली होती, काच उचलली गेली होती. हैदराबादेत नोकरी करणारा मुलगा सुट्टीत आला, बापाला न विचारता जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन गेला, आणि आठ दिवसांनी खोकं आलं. पंच म्हणून मी आणि पंक्चरच्या दुकानातला शंकर. आतोबांनी खोक्याची लांबी-रुंदी घेतली, सील शाबूत असल्याची नोंद केली आणि मोठ्याने वाचत लिहू लागले: "एक फोन, काळा. एक वायर, आखूड. एक टाचणी, उद्देश अज्ञात. एक माहितीपत्रक, अक्षर मुंगीच्या मापाचं. चार्जर, आढळून आला नाही. कानाची वायर, आढळून आली नाही." मग त्यांनी आपली डबी उघडली, जुनी वायर काढली आणि फोन फिरवायला लागले. वरची कड पाहिली. खालची पाहिली. भिंग आणलं. शंकर म्हणाला, "साहेब, मी जाऊ? गिऱ्हाईक उभं हाय." आतोबांनी त्याला हातानेच बसवलं आणि लिहिलं, "वायर खुपसण्याचे छिद्र, चारही बाजूंनी शोध घेतला असता, आढळून आले नाही." आम्ही सह्या केल्या.

लगेच मुलाला फोन. आतोबा फोनवर बोलतात ते नेहमी व्हिडिओवर, स्पीकर लावून, फोन तोंडासमोर आरशासारखा धरून. त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. "बाबा, ते भोक आता कोणीच देत नाही," मुलगा म्हणाला. "त्यानं आतली जागा वाचते."

"कोनाची?"

"फोनची, बाबा."

"त्या जागेत काय ठेवलं मंग?"

मुलाला ते माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नसतं, आणि माझा संताप नेमका इथे आहे. चांगलं चाललेलं भोक बुजवायचं, मग त्या भोकाच्या बदलीची बोटभर वायर वेगळी विकायची, ती खोक्यात घालायची नाही आणि वर खोक्यावर हिरवं पान छापून सांगायचं की आम्ही कचरा वाचवतो. आतोबांची वायर उत्तम चालत होती. तिला कचरा कोणी केलं? मी रातोरात पत्रक लिहिलं, 'कान आमचे, मर्जी कंपनीची!', आणि सकाळी बसस्टँडवर चिकटवलं. आतोबा मुद्दाम चालत जाऊन वाचून आले. "चांगलं हाय," म्हणाले. "मागनी काय हाय? कोनाकडं हाय? मुदत किती?" त्या तिन्हींपैकी एकही पत्रकात नव्हतं.

मुलाने मग बिनवायरीचं यंत्र पाठवलं, शेंगदाण्याएवढी दोन बोंडं. पंचनामा होऊन ती कानात गेली आणि दुसऱ्या दिवशीच घात झाला. शेजारच्या गल्लीतले रिटायर्ड कंपाउंडर आतोबांकडे रेशनकार्ड वेगळं करण्याचा अर्ज सांगून गेले होते. आतोबा बोंडं घालून ओसरीवर फिरत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "हे काहीच बोलून नाई राह्यलं." ते बोलत होतं, पण स्वयंपाकघरात. आत्याचा भजनाचा डबा, म्हणजे बिनवायरीचा स्पीकर, तोही मुलानेच पाठवलेला, आतोबांच्या फोनला आपणहून जोडला गेला होता, आणि त्यातून कंपाउंडरांचा आवाज खणखणीत येत होता: "सून भाजीत मीठ टाकत नाई साहेब, मुद्दाम टाकत नाई, मी मरावं म्हनून टाकत नाई." त्या वेळी आत्यासमोर पाटावर, चाळणी परत द्यायला आलेली तीच सून बसली होती. त्या दिवसापासून कंपाउंडरांच्या ताटात मीठ इतकं पडतं की ते दुपारभर रांजणाजवळच बसलेले दिसतात. आम्ही सगळे हसलो. आतोबा हसले नाहीत. त्यांनी वहीत स्वतःविरुद्ध कबुलीजबाब लिहिला, खाली सही केली, आणि वही घेऊन कंपाउंडरांच्या दारात उभे राहिले. बोंडं 'चुगलखोर, पुन्हा वापरू नये' असा शेरा लिहून परत खोक्यात गेली.

त्याच आठवड्यात सुमनबाई आली. मला आत पाठवण्यात आलं. तिच्या हातातली नोटीस आणि आत्याशी झालेलं बोलणं यांवरून मला कळलं ते इतकंच: पलीकडच्या गावची बाई, नवरा गेलेला, दिराच्या घरात राहते, वांगी-मेथी लावते आणि बाजारात विकते. नवऱ्याच्या वाट्याची जमीन दीर विरासतीत, म्हणजे वारसनोंदीत, आपल्या नावावर करून घेत होता. हरकत द्यायची शेवटची तारीख सोमवार. आणि हरकत कार्यालयात पोचण्याआधी दिराला वास लागला तर बाईचं बोचकं दाराबाहेर. ती तासभर बोलून गेली. ते बोलणं नव्या फोनात गेलं आणि तिथेच अडकलं, कारण ते ऐकायला त्या फोनला वायर जोडता येत नव्हती.

चार दिवस आतोबा आणि मी त्या बोटभर तुकड्यामागे धावलो. आदिलाबादला दुकानदार म्हणाला, "चाचा, अब तार कौन रखता है? जमाना वायरलेस का है." आतोबा म्हणाले, "जमाने का नहीं, मैं छेद का पूछ रहा हूँ." त्याने दिलेला तुकडा घरी येऊन लावला तर मुका. दुसरा दुकानदार म्हणाला की या फोनला आत चिप असलेला लागतो, तो सोमवारनंतर येईल. निर्मलच्या बाजारात पहिल्या तीन दुकानांत "लेदू सार", नाही म्हणजे नाही. चौथ्यात मिळाला, दुकानात वाजलाही, आणि आतोबांनी तो इतका जपून, इतका घट्ट गुंडाळून डबीत कोंबला की बसमधून उतरेपर्यंत त्याची मान मोडली होती. मी म्हटलं, रेकॉर्डिंग माझ्या मैत्रिणीच्या जुन्या फोनवर पाठवू, त्याला भोक आहे. "दुसऱ्याच्या फोनात गेलं म्हंजे गावात गेलं." मी म्हटलं, मग बाईलाच परत बोलवा. "आठवड्यात दोनदा गिरदावराच्या घरी गेली, तर दिराले सांगाले कोन लागते?" मी म्हटलं, मग मी ऐकते. यावर त्यांनी फोन उचलून खिशात घातला. त्यांचं चालणं वाढलं. जेवता जेवता उठून चालायचे. बोटांनी मांडीवर तारखा मोजायचे, शुक्र, शनि, रवी, आणि पुन्हा शुक्रवारपासून.

शनिवारी दुपारी मी गेले तेव्हा ओसरीवर एक गोधडी हलत होती. मे महिना, ऊन असं की हायवेवरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि आतोबा डोक्यावरून गोधडी घेऊन बसलेले. समोरच्या घरातून काकू ओरडल्या, "गिरदावर साहेब, थंडी वाजून आली का?" मी ओसरीची पायरी चढले आणि मला गोधडीतून सुमनबाईचा आवाज आला, शब्दन् शब्द: "तेरवीच्या दिवशी, पंगत बसली व्हती तवा..." मी झडप घालून गोधडी ओढली आणि फोन बंद केला. काकूंकडे बघून उगाच हसले. आतोबा घामाने निथळत होते. ते माझ्यावर संतापले.

"काऊन बंद केलं? आत्ता कुठं लावला होता. अजून आवाज तरी कुठं सुरू झाला?"

मी फोनकडे पाहिलं. आवाजाची पट्टी शेवटपर्यंत भरलेली होती.

 मग मला एकेक करून सगळं दिसायला लागलं. माणूस समोर बोलतो तेव्हा ते काही विचारत नाहीत, ते का. प्रत्येकाचं रेकॉर्डिंग का, तीन-तीनदा का. मुलाशी बोलणं नेहमी व्हिडिओवर का. आत्या दारात येऊन उभी होती. "चार वर्सं झाले," ती म्हणाली, आणि तिलाही ओरडूनच बोलायची सवय झाली आहे हे मला तेव्हा कळलं. "त्या वायरीनं अगदी कानात शिरते तेवढंच आयकू येते त्याइले. दवाखान्याचं मशीन घ्या म्हनलं तर आयकतच नाई."

आतोबांनी ते तिच्या ओठांवरून वाचलं असावं. गोधडीची घडी घालता घालता ते माझ्याशी हळू आवाजात बोलले, जितका हळू त्यांना जमतो तितका. "मशीन कानात दिसलं की लोक वरडून बोलतेत, पोरी. बहिऱ्याले कोनी आपलं सांगत नाई. सांगितलं तर वरडून सांगा लागते. वरडून सांगासारखं असतं तर ते माह्या ओसरीवर काऊन आले असते?"

मी चार दिवस कंपनीला शिव्या देत होते. त्या शिव्या मी आजही मागे घेत नाही. ज्यांनी ते भोक बुजवलं त्यांना माहीत नाही की त्यातून किती लोकांचं काय काय आत-बाहेर जात होतं. पण हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाला ऐकू येत नाही, हे मला चार वर्षांत कळलं नाही, आणि तेही मीच बोलत होते म्हणून. हे पत्रकात लिहिता येत नाही.

रविवारी सुमनबाई वांग्यांची टोपली घेऊन आली. वांगी विकायला कोणत्याही दारात जाता येतं, ही युक्ती आत्याची. आत्या मुद्दाम दारात उभी राहून भाव करत बसली, आणि आतल्या खोलीत आम्ही तिघं. आतोबांनी माझ्यापुढे वही सरकवली. "तू लिही, मी वाचतो. बाहेर एक अक्षर गेलं तर मी तुह्यावर पंचनामा करीन." सुमनबाईने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "हे पोरगी पत्रकवाली ना?" तिने काय विचारलंय ते आतोबांनी न ऐकताच ओळखलं. "व्हय," ते म्हणाले. "आज नाई."

ती पुटपुटल्यासारखी बोलत होती आणि मी मान खाली घालून तिच्या मागे धावत होते. चार पानं झाली. तेरवीच्या दिवशी पंगत बसली असताना दिराने मागच्या खोलीत नेऊन कोऱ्या कागदावर अंगठा घेतला होता. त्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या. आतोबांनी चारही पानं सावकाश वाचली, माझी उद्गारचिन्हं खोडली आणि विचारलं, "कुठं अडली?"

"म्हणजे?"

"बोलता बोलता मानूस एका जागी अडते. आवाज बारीक होते, नाईतर मधीच पानी मागते. अर्ज तिथून सुरू करा लागते. बाकी सगळं साहेबाले पाठ असते."

मी आठवायचा प्रयत्न केला. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी शब्द पकडत होते. मी अंगठ्याच्या ओळीवर बोट ठेवलं. आतोबांनी नकारार्थी मान हलवली, तिसरं पान उलटलं आणि कडेला मी कसंबसं कोंबलेल्या एका ओळीवर बोट टेकवलं. 'जावेने शाई पुसली.'

"इथं," ते म्हणाले. "इथं इनं पदर मुठीत धरला."

 सुमनबाई म्हणाली, "तिच्या लुगड्यानं पुसली. काई बोलली नाई. माहं बोट धरून बसली नुसती." मी ते लिहून आतोबांना दाखवलं. त्यांनी वाचलं. "ती साक्ष देईन," ते म्हणाले. बाई घाबरली, "तिचं नाव नका घेऊ, तिलेबी काढतीन." हे लिहून दाखवावं लागलं नाही. त्यांनी नवा कागद घेतला, समास आखला आणि लिहिलं की तेरवीच्या दिवशी अर्जदाराच्या अंगठ्याची शाई घरातल्या एका स्त्रीने आपल्या पदराने पुसली. "नाव नाई," ते म्हणाले. "नाव ती सोताच सांगन, तिची येळ आली की. लिहू असं?"  सुमनबाईने होकाराची मान हलवली.

सोमवारी अर्ज गेला, शिक्का मारलेली पोच आली, ती वहीत चिकटवली आहे. सुनावणी अजून व्हायची आहे. दिराला कळलं, दोन दिवस घरात आरडाओरड झाली, पण अर्ज दाखल असलेल्या बाईला बाहेर काढणं त्याला जड गेलं. ती तिथेच आहे.

त्या रविवारी निघताना सुमनबाईने टोपली डोक्यावर घेतली. फाटकाबाहेर पडता पडता ती पाठमोरी काहीतरी बोलली. आतोबा खांबाला टेकून उभे होते. त्यांनी "हो, हो" म्हणून हात हलवला आणि ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर मला विचारलं, "काय म्हनली व?"

मी त्यांच्या उजव्या कानाशी गेले आणि चांगलं मोठ्याने सांगितलं, नळावरच्या बायांनी वळून पाहिलं इतक्या मोठ्याने, "म्हणाली, तुमी ऐकून घेतलं साहेब, घरात कोनी ऐकत नाई."

 "बरं," आतोबा म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.